फी माफ झाली, घरभाड्याचं काय?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घटस्फोटाच्या एका सुनावणीत उच्चशिक्षित पत्नीने मुंबईत फ्लॅट आणि १२ कोटी रुपयांची मागणी केली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी तिला सुनावलं, की तुम्ही एवढ्या शिकलेल्या आहात, तर स्वतः कमवून खा. पुढचे काही दिवस ही बातमी प्रत्येक फोनवर फिरत होती. एका बाजूला ‘बायका पोटगीच्या नावाखाली लुटतात’ असा सूर, दुसऱ्या बाजूला ‘संसारात घालवलेल्या वर्षांचा मोबदला कोण देणार’ असा प्रतिसवाल. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या आणि दोघीही १२ कोटींवर भांडल्या. महाराष्ट्रात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मूल असलेल्या आणि शिक्षण अर्धवट राहिल्यामुळे ‘कमवून खाण्या’ची ताकदच अजून न आलेल्या बाईचा त्या भांडणात उल्लेखही नव्हता. तिचा प्रश्न कोटींचा नसतो. या महिन्याचं भाडं, पाळणाघराचे पैसे आणि परीक्षा फॉर्मची तारीख एकाच आठवड्यात आली तर आधी काय भरायचं, एवढाच तो असतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. घर मोडल्यानंतर मूल सांभाळत शिकणाऱ्या पालकाच्या घरखर्चाला शिक्षणाचा खर्च मानलं पाहिजे. घरभाडं आणि पाळणाघर हे त्या खर्चाचे दोन मुख्य भाग. मुलाच्या दुसऱ्या पालकाने त्यातला आपला वाटा कायद्याने उचलावा, उरलेल्यासाठी सरकारने छप्पर आणि मुलाच्या देखभालीची सोय द्यावी, आणि हे सगळं ठरावीक मुदतीसाठी असावं. यात कुणावर उपकार नाहीत. या राज्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे तत्त्व मान्य केलं, तेच राहून गेलेल्या एका गटाला लागू करायचं आहे.

या मागणीला सर्वांत आधी जे उत्तर मिळतं ते काटकसरीचं. अंथरूण पाहून पाय पसरा, खर्च लिहून काढा, गरज आणि हौस वेगळी करा. हा सल्ला वाईट हेतूने दिला जात नाही आणि तो सपशेल चुकीचाही नाही. ज्या बाईला लग्नात कधी पैशांचा हिशेब दाखवलाच गेला नाही, तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बँक खातं, स्वतःची वही आणि महिन्याचा अंदाज हाती आला की धीर येतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पण सल्ला देणाऱ्यांनी अशी एखादी वही उघडून वाचावी. माझ्या ओळखीतली एक मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा पहिलीत. तिच्या वहीत महिन्याच्या सुरुवातीला ओळीने लिहिलेलं असतं: भाडं ७,५००, पाळणाघर ३,०००, शाळेची व्हॅन १,२००, लाइट बिल ७००, गॅस ९००. बेरीज १३,३००. जमेच्या बाजूला संध्याकाळच्या शिकवण्यांचे ९,००० आणि मुलाच्या वडिलांकडून आले तर ४,०००. किराणा अजून आणायचा आहे. त्याच वहीत मधून मधून ‘पा. घर उशीर ५०’ अशी नोंद दिसते. सराव पाठ लांबला आणि ती मुलाला न्यायला वेळेवर पोचली नाही, म्हणून पाळणाघराने घेतलेले ते पन्नास रुपये. पाठ टाचणासाठी लागणारे कार्डशीट आणि स्केचपेनसुद्धा ती शिकवणीच्या मुलांच्या पालकांकडे पडलेले मागून घेते. आता या वहीत हौस कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

काटकसर चैनीच्या खर्चावर चालते. भाडं कमी करता येत नाही. फार तर लांबच्या वस्तीत जाता येतं, आणि मग व्हॅनचे पैसे वाढतात, पाळणाघरात उशीर वाढतो. शिवाय एक साधं गणित आपण विसरतो. एका घरात दोघं कमावत किंवा एक कमावत आणि एक राबत राहत होते तेव्हा भाडं एक, गॅस एक, फ्रीज एक, मुलाला सांभाळणारं माणूस घरातच होतं. वेगळं झाल्यावर त्याच मिळकतीतून दोन भाडी, दोन मीटर, दोन डिपॉझिटं उभी राहतात आणि घरात फुकट होणारं मुलाचं सांभाळणं बाजारभावाने विकत घ्यावं लागतं. अंथरूणच मधून फाटलं आहे. पाय कितीही आखडले तरी ते पुरणार नाही, आणि पुरत नाही म्हणून पाय आखडणाऱ्यालाच दोष देणं अन्यायाचं आहे.

‘मुलींचं शिक्षण तर आता फुकट आहे’ हे दुसरं उत्तर. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. पण फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं या राज्यातल्या जाणत्या माणसांनी कधी मानलं होतं का?

कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या काळात जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली मुलं अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. त्या काळात शाळा नव्हत्या असं नाही. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसेल, तर शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं ते याच जाणिवेतून. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजनाही मुळात राहण्या-खाण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी होती. त्यातलं कामसुद्धा संस्थेच्या आवारात आणि अभ्यासाच्या वेळेशी जुळवून घेतलेलं होतं. आज ‘कमव आणि शीक’ असं एकट्या आईला सुनावणारे त्यातलं छप्पर आणि ताट वगळतात आणि फक्त श्रम तिच्या वाट्याला ठेवतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा धागा आणखी मागे जातो. पंडिता रमाबाईंच्या पतीचं निधन १८८२ मध्ये झालं तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला, पण तिथे त्या शिकू शकल्या कशामुळे? वाँटेज इथल्या भगिनींच्या मठाने मायलेकींना आसरा दिला, आणि रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत-शिकवत असताना मुलीची काळजी घ्यायला माणसं होती. संस्कृत पंडिता म्हणून कलकत्त्यात गाजलेल्या या असामान्य बाईलासुद्धा मूल सांभाळत शिकायला दुसऱ्याचं छप्पर लागलं. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी शाळा आणि निवास एकत्र असं, आणि त्यामागे बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसे देण्याचं वचन होतं. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, पदरी मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या ते कर्व्यांच्या घराच्या आधाराने, आणि पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाचा कारभार सांभाळून त्याच्यासाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या. या सगळ्यांचा गौरव आपण ‘जिद्द’ म्हणून करतो. जिद्द होतीच. पण ज्या-ज्या ठिकाणी ती फळाला आली तिथे कुणीतरी राहण्याचा आणि मुलाचा खर्च उचलला होता, हा भाग आपल्या शाळेतल्या धड्यांतून गळून गेला आणि मागे उरला तो फक्त एकटीने झुंजण्याचा आदर्श. तोच आदर्श आता आपण प्रत्येक एकट्या आईच्या तोंडावर फेकतो.

सरकारलाही हे तत्त्व अपरिचित नाही. २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना जेवण, निवास आणि निर्वाहासाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत थेट खात्यात मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. म्हणजे खोलीभाडं हा शिक्षणाचा खर्च आहे, हे महाराष्ट्र शासनाने लेखी मान्य केलेलं आहे. फरक इतकाच, की या योजनांच्या डोळ्यांसमोरचा विद्यार्थी एकटा आहे, आईबापांचं गाव सोडून आलेला आहे आणि त्याच्या कॉटशेजारी मूल झोपलेलं नाही. महिला वसतिगृहांतही विद्यार्थिनीला मूल सोबत ठेवता येत नाही. नोकरदार स्त्रियांसाठीच्या केंद्राच्या सखी निवास योजनेत ठरावीक वयापर्यंतची मुलं ठेवता येतात आणि पाळणाघराचीही तरतूद आहे, पण नावातच आहे तसं ते नोकरी असलेल्यांसाठी. प्रशिक्षण घेणाऱ्यांना जागा मर्यादित. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर हवं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने सांगितलं. तिथे मोजले जातात ते कर्मचारी. दोन-दोन हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आया किती, हे कुणी मोजतच नाही.

आता कुणी म्हणेल, एकल पालकांसाठी योजना आहेतच की. आहेत. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि ती रक्कम ज्या घरात वेळेवर पोचते तिथे तिचा खरोखर आधार होतो. घटस्फोटित आणि विभक्त पालकांची मुलंही तिच्यात बसतात, हे अजून अनेकींना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. लाडकी बहीण योजनेचे १,५०० आहेत. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० आहेत, पण तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपयांहून जास्त मिळकत असलेलं घर निराधार नाही, असा त्याचा अर्थ. ज्या मुलीची वही मी वर उघडली, तिच्या शिकवण्यांच्या पैशांमुळेच ती या योजनेच्या बाहेर जाते. शिकवण्या सोडल्या तर भाडं भरता येणार नाही. आणि या सगळ्या रकमा वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या अटींवर, एकमेकींना वगळत येतात. त्यांची रचना जगवण्यासाठी आहे, शिकवण्यासाठी नाही. त्यांच्यातली एकही योजना तिला असं म्हणत नाही, की तू ही दोन वर्षं पुरी कर, तोवर घर आम्ही बघतो.

कागदपत्रांचा जाच वेगळाच. वेगळं होणं ही घटना एका दिवसात घडते, पण कागदावर ती यायला वर्षं लागतात. संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबावं लागतं. वाद असेल तर मुदतच नाही. या मधल्या काळात ती कायद्याने विवाहित असते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर कौटुंबिक उत्पन्न विचारलं की नवऱ्याचा दाखला मागितला जातो, जो तो देत नाही. शैक्षणिक कर्जाला सह-कर्जदार हवा, तर विवाहितेसाठी तो नवरा किंवा सासरचं माणूस असणं बँकेला स्वाभाविक वाटतं. माहेरचे वडील निवृत्त असतील किंवा हयातच नसतील तर काय करायचं? मला तर वाटतं, पैशांच्या अभावापेक्षाही या मधल्या काळातल्या कागदी निराधारपणामुळे जास्त शिक्षणं सुटतात. ज्या दिवशी मदतीची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी ती मदतीला पात्र असल्याचा पुरावा तिच्याकडे नसतो.

आता विरोधातले खरोखर वजनदार मुद्दे घेऊ.

पहिला: आधी नोकरी धर, पायावर उभी राहा, शिक्षण नंतर. व्यवहारी माणसांचा हा सल्ला, आणि काहींच्या बाबतीत तो बरोबर असतो. हातात पदवी असेल, मूल शाळकरी असेल, माहेर जवळ असेल, तर नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुढचं शिकता येतं; १९८९ पासून त्या विद्यापीठाने हजारो स्त्रियांना हा रस्ता दिला आहे. पण ज्या शिक्षणातून बाईला टिकाऊ, मुलाला वाढवता येईल अशी नोकरी मिळते ते बहुतेक शिक्षण हजेरीचं आहे. बी.एड.ला तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी हवी. नर्सिंगला तासांना ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातलं प्रात्यक्षिक तर पदवी हातात पडण्याआधी शंभर टक्के पुरं करावं लागतं. रुग्णाची शुश्रूषा पत्राने शिकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग बारावीवर सुटलेल्या बाईला आधी मिळणारी नोकरी कोणती? दुकानात उभं राहण्याची, किंवा डेटा एंट्रीची, दहा-बारा हजारांची. तिच्यात भाडं आणि पाळणाघर गेल्यावर शिकायला पैसा उरत नाही आणि वेळही उरत नाही. ‘नंतर’ ही वेळ येतच नाही. दोन-तीन वर्षं आधार देऊन तिला परिचारिका होऊ द्यायचं की पुढची वीस वर्षं दरमहा दीड हजार देत राहायचं? नैतिकता बाजूला ठेवा, निव्वळ तिजोरीचा विचार केला तरी उत्तर कठीण नाही.

दुसरा मुद्दा: तिच्या शिक्षणाचा भार त्याने का सोसावा? नातं संपलं, आता ज्याचा त्याने रस्ता धरावा. इथे मी निम्मं मान्य करते. पोटगीच्या कायद्यांचा सूड म्हणून वापर होतो, अशी प्रकरणं न्यायालयांनीच नोंदवलेली आहेत, आणि खोटी उत्पन्नं दोन्ही बाजूंनी दाखवली जातात. म्हणून तर ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मिळकत आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. हेही खरं, की अनेक बाप स्वतःच गरीब असतात. पोटगीसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रास्त मानलं होतं. १८ हजार कमावणाऱ्याच्या बाबतीत ते होतात साडेचार हजार, आणि तेवढ्यात कोणत्याही शहरात घर मिळत नाही. पण या दोन्ही गोष्टींवरून ‘त्याने काहीच देऊ नये’ असं निघत नाही. संपलं ते नवरा-बायकोचं नातं. मुलाशी असलेलं नातं संपत नाही. मूल ज्या छताखाली झोपतं त्याचं भाडं हा मुलाचाच खर्च आहे, आईचा खासगी खर्च नाही. लग्न न करता एकत्र राहिलेल्यांच्या मुलालाही निर्वाहाचा हक्क कायद्याने आहे. आणि घराचं भाडं हा स्वतंत्र हक्क असू शकतो, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मान्य केलंच आहे: तिथे न्यायदंडाधिकारी पर्यायी घर किंवा त्याचं भाडं देण्याचा आदेश देऊ शकतात.

खरी अडचण निकषात आहे. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ वं कलम, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ वं, पत्नी ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ आहे का, एवढंच विचारतं. शिकणारी बाई या प्रश्नात नीट बसत नाही. ती धडधाकट आहे, हुशार आहे, म्हणून समोरचा वकील म्हणतो, ही कमवू शकते, मुद्दाम कमवत नाही. कमवण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमवत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शैलजा विरुद्ध खोब्बन्ना या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. तरी शिकण्याची वर्षं ही क्षमता मिळवण्याची वर्षं आहेत, आळसाची नव्हेत, हे प्रत्येकीला प्रत्येक तारखेला नव्याने पटवून द्यावं लागतं. कायद्याच्या आकड्यांना वास्तवाची जाणीव किती उशिरा होते, याचं एक उदाहरण पुरेसं आहे: १९७३ च्या संहितेत या निर्वाहावर महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती काढायला २००१ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं महागाई वाढत राहिली आणि पाचशेचा आकडा जागचा हलला नाही. शिकणाऱ्या पालकाचा उल्लेख कायद्यात यायला आणखी अठ्ठावीस वर्षं थांबायचं का?

आदेश झाला तरी पैसे येतातच असं नाही. अंतरिम निर्वाहाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. ज्यांनी कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना या साठ दिवसांची लांबी माहीत आहे. घरमालक तितका थांबत नाही. जर्मनीने १९८० पासून यावर साधा उपाय केला आहे. एका पालकाकडून मुलाचा निर्वाहखर्च येत नसेल तर सरकार ठरावीक रक्कम आधी मुलाला देतं आणि मग त्या पालकाकडून वसूल करतं. वसुलीसाठी धावण्याचं काम मूल सांभाळणाऱ्या एकट्या माणसाच्या गळ्यात राहत नाही. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवी शिकणाऱ्या आणि मुलं असलेल्या विद्यार्थ्यांना पाळणाघराच्या खर्चासाठी वेगळं अनुदान मिळतं. ते देश श्रीमंत आहेत, हे कबूल. पण वसुलीची यंत्रणा आपल्याकडेही आहे. थकलेला शेतसारा आणि मालमत्ता कर वसूल करताना ती बरोबर सापडते.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण सगळ्यांत खोल तोच आहे: अशी सोय केली की घरं मोडतील. बाईला बाहेर आसरा आहे हे कळलं की ती तडजोड करणार नाही. या भीतीला मी हसणार नाही. मुलांना दोन्ही पालकांचं घर मिळावं, असं मलाही वाटतं, आणि रागाच्या भरात मोडलेले संसार मीही पाहिले आहेत. पण ही भीती आपल्याकडे प्रत्येक वेळी पुढे आली आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा, विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा, कर्व्यांनी विधवांना आश्रमात शिकवायला घेतलं तेव्हा. प्रत्येक वेळी समाजधारणेची काळजी वाहिली गेली ती त्या बाईच्या निवाऱ्यावर अंकुश ठेवून. जे घर केवळ बाईकडे दुसरीकडच्या डिपॉझिटचे पैसे नाहीत म्हणून टिकलं आहे, ते टिकण्यात कुणाचं भलं आहे? त्या मुलाचं तरी? आणि पदवी पुरी करून परिचारिका किंवा शिक्षिका झालेली आई त्या मुलाला जे स्थैर्य देईल ते भांडणाच्या घरात मिळालं असतं का?

एक मुद्दा मात्र मी विनाअट मान्य करते. मुदत नसलेला आधार घातक ठरू शकतो. एकामागून एक अभ्यासक्रम घेत राहणं, परीक्षा टाळणं, हे कुठल्याही सवलतीत होतं. म्हणून आधार एका अभ्यासक्रमापुरता असावा, दरवर्षी हजेरी आणि निकालाशी बांधलेला असावा. मूल आजारी पडून एखादं सत्र बुडालं तर तेवढी सूट असावी. गर्भवती आणि बाळंत विद्यार्थिनींना हजेरीत सवलत द्या, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलंच आहे. बाळंतपणानंतरही मूल असतं, त्याला गोवर-कांजिण्या होतात, त्याच्या शाळेला सुट्ट्या लागतात, एवढं त्या परिपत्रकाच्या पुढे जाऊन महाविद्यालयांनी पाहायचं आहे. आणि हा आधार आईपुरता ठेवू नये. मूल ज्याच्याजवळ राहतं तो पालक, मग तो बाप असला तरी, या आधाराचा हक्कदार असावा. संख्येने असे बाप कमी असतील, पण आयटीआयला दुसऱ्या वर्षात असलेल्या आणि तीन वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्या बापाची अडचण तसूभरही वेगळी नाही.

हे करायला नवं महामंडळ लागत नाही. स्वाधार, स्वयम् आणि आधार या योजनांच्या अर्जात ‘सोबत राहणारी मुलं’ हा रकाना वाढवा आणि मुलामागे निवासाची रक्कम वाढवा. प्रवर्ग कोणताही असो, विभक्त एकल पालकासाठी तशीच तरतूद करा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची वाट न पाहता न्यायालयात दाखल अर्जाची प्रत, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल किंवा स्वयंघोषणापत्र यांतलं काहीही विभक्त असल्याचा पुरावा म्हणून चालावं आणि उत्पन्न फक्त अर्जदाराचं धरलं जावं. प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका शासकीय महिला वसतिगृहात मुलासह राहता येईल अशा खोल्या राखून ठेवा, खाली पाळणाघर काढा आणि ते शेवटची प्रात्यक्षिकं संपेपर्यंत उघडं ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या दर उन्हाळ्यात सुरू होतात. फीमाफीचा निर्णय जसा नव्या वर्षाच्या प्रवेशाच्या तोंडावर निघाला, तसाच घरभाड्याचाही निघू शकतो.